लांबलचक इंग्रजी शब्दांची फोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. पालक, नवे शिक्षक, स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. उच्चार कानाला कळावा म्हणून इथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. तुम्ही मात्र वहीत ते रोमन लिपीतच लिहा आणि पेन्सिलीने उभ्या रेघा मारून फोडा.

शब्द फोडायचा कशाला? सरळ पाठ केला तर?

पाच-सहा अक्षरांचे शब्द पाठ होतात. पुढे घोकंपट्टी दमते.

सातवीतली एक मुलगी धडा वाचता वाचता ‘रिस्पॉन्सिबिलिटी’पाशी थांबली. “बाई, हा फार मोठा आहे.” शब्दात चौदा अक्षरं आहेत. मी तिची पट्टी घेतली आणि पहिली दोन अक्षरं सोडून बाकी सगळं झाकलं. ती म्हणाली, “रि.” पट्टी थोडी सरकवली. “स्पॉन.” मग सि, बि, लि, टी. सहा तुकडे झाले आणि त्यातला एकही तुकडा तिला अवघड नव्हता. मग तिने पट्टी स्वतःकडे ओढून घेतली आणि शब्द दोनदा सलग वाचला. त्यानंतर तिने जे विचारलं त्याने मला फार आनंद झाला: “बाई, मग यातला रिस्पॉन्स म्हणजे तोच का, प्रश्नाला उत्तर देतो तो?”

तोच! उत्तर देणं म्हणजे रिस्पॉन्स. ज्याने उत्तर द्यायला हवं तो रिस्पॉन्सिबल, म्हणजे उत्तरदायी. त्याचं भाववाचक नाम रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे उत्तरदायित्व. मराठीतही ‘उत्तर’ आहेच. सहा तुकडे तिने कानाने पाडले होते, हे तीन अर्थाने पडले. फोड अशी दोन प्रकारची असते आणि दोन्ही प्रकार शिकावे लागतात.

सिलॅबल म्हणजे आपलं अक्षरच ना?

जवळपास, पण तंतोतंत नाही. इथेच पहिला घोटाळा होतो.

‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं, पण म्हणताना आपण क-मळ असं दोन झटक्यांत म्हणतो. ‘घर’ दोन अक्षरी, झटका एकच. उच्चाराचा हा एकेक झटका म्हणजे सिलॅबल. प्रत्येक झटक्यात स्वराचा एकच आवाज असतो, त्याच्या मागेपुढे व्यंजनं कितीही येवोत. म्हणून ‘स्ट्रेंग्थ’च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं असूनही सिलॅबल एक, आणि ‘आयडिया’च्या स्पेलिंगमध्ये चारच अक्षरं असून सिलॅबल तीन.

मोजायची सोपी युक्ती आहे. हनुवटीखाली पालथा हात धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके सिलॅबल. मुलांकडून हे आधी मराठी शब्दांवर करून घ्या: आई, पाऊस, महाराष्ट्र. लगेच इंग्रजीवर गेलात तर मूल उच्चाराऐवजी स्पेलिंग मोजू लागतं. वृत्ताचे गण पाडायला शिकलेल्या मोठ्या मुलांना तुकडे पाडायची सवय असते. फक्त त्यांना सांगावं लागतं की तिथे आपण लिहिलेलं अक्षर मोजतो आणि इथे कानावर पडलेला आवाज.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ‘फिल्म’चा ‘फिलम’ होतो. एका सिलॅबलचे दोन झाले की शब्दाचा तोल जातो. हनुवटीचा हात ही चूक लगेच दाखवतो.

सिलॅबल आणि शब्दाचे भाग यांत फरक काय?

हेलिकॉप्टर घ्या. कानाने फोडला तर हे-लि-कॉप-टर. अर्थाने फोडा म्हटलं तर बहुतेक जण हेलि आणि कॉप्टर असे दोन तुकडे करतात. खरी फोड वेगळी आहे: हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं आणि प्टेर म्हणजे पंख. दोन्ही शब्द ग्रीक. १८६१ साली फ्रेंचमध्ये हा शब्द घडवला गेला आणि तिथून तो इंग्रजीत आला. इंग्रजी माणसाच्या जिभेला तुकड्याच्या सुरुवातीला ‘प्ट’ पेलत नाही, म्हणून ‘प’ मागच्या तुकड्याला चिकटला आणि ‘कॉप’ तयार झाला. लोकांनी मग त्या चुकीच्या जागीच शब्द मोडून हेलिपॅड, क्वाडकॉप्टर असे नवे शब्द बनवले, आणि ते आता रूढ झाले आहेत.

हाच पंख टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राचीन प्राण्याच्या नावातही आहे. तिथे ‘पी’ शब्दाच्या अगदी सुरुवातीला येतो, म्हणून लिहितात पण उच्चारत नाहीत. आणि प्टेर आपल्या ओळखीचा आहे बरं का! संस्कृतात ‘पत्र’ म्हणजे पानही आणि पंखही. दोन्ही शब्द उडणं या अर्थाच्या एकाच जुन्या धातूपासून आले आहेत.

थोडक्यात, वाचायचं असेल तर सिलॅबल, आणि अर्थ व स्पेलिंग हवं असेल तर शब्दाचे भाग. दोन्हींच्या रेघा बऱ्याचदा वेगवेगळ्या जागी पडतात. त्याने गोंधळून जाऊ नका.

नेमकं कुठे तोडायचं? काही नियम?

अमेरिकेत वाचनात मागे पडलेल्या मुलांचे खास वर्ग घेणारे शिक्षक सिलॅबलचे सहा प्रकार शिकवतात. माझ्या अनुभवात सुरुवातीला दोनच पुरतात. शेवटी व्यंजन आलं की तुकडा बंद होतो आणि स्वर आखूड होतो: मेट, हिट, गॉट. शेवटी स्वर असेल तर तुकडा उघडा राहतो आणि स्वर आपलं नाव सांगतो किंवा लांबतो: मी, हाय, गो.

आता दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजनं असतील तर मधोमध तोडा: नॅप-किन, रॅब-बिट. मध्ये एकच व्यंजन असेल तर आधी व्यंजनाच्या अलीकडे तोडून बघा: टाय-गर. जमलं. तसंच ‘कॅमल’चं केलं तर के-मल होतं, जे कानाला ओळखीचं वाटत नाही. मग व्यंजन मागे ओढा: कॅम-अल. आधी एक करून बघायचं, नाही जमलं तर दुसरं. हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर नियम मोडला म्हणून ती घाबरतात.

ही चर्चा जुनी आहे. नोआ वेबस्टर यांनी १७८३ साली अमेरिकन मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्याआधीच्या पुस्तकात ‘हॅबिट’ आणि ‘क्लस्टर’ हे शब्द हा-बिट, क्लु-स्टर असे तोडलेले असत. वेबस्टर यांनी ते हॅब-इट, क्लस-टर असे तोडले, कारण मूल तुकडे जोडताना तोंडून खरा उच्चार निघाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तो मला आजही पटतो.

एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच या जोड्या फोडू नका, त्यांचा आवाज एकच असतो. पण इथे अर्थ पाहावा लागतो. ‘मिसहॅप’ म्हणजे अपघात. त्यात एस आणि एच शेजारी आहेत म्हणून मुलं ‘मिशॅप’ वाचतात. शब्द आहे मिस अधिक हॅप. ‘शेफर्ड’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो शीप, म्हणजे मेंढी, आणि हर्ड, म्हणजे राखणारा, यांचा समास आहे. म्हणून खरा उच्चार ‘शेपर्ड’, त्यात ‘फ’ नाहीच.

शेवटी ई-डी लागलं की एक सिलॅबल वाढतो का?

मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच वाढतो. ‘वॉन्टेड’मध्ये दोन सिलॅबल, ‘वॉक्ट’मध्ये एकच. ‘वॉक-एड’ म्हणू नका. नेकेड, विकेड अशी थोडी विशेषणं अपवाद आहेत, त्यांत तो तुकडा सुटा ऐकू येतो.

मराठी व्याकरणाचा इथे काही उपयोग होतो का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच! खूप उपयोग होतो, आणि शाळेत हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याच वर्गात, त्याच बाकावर पुढे मुलं संधी, समास, उपसर्ग, प्रत्यय शिकतात. पण मराठीच्या तासाला शिकलेलं इंग्रजीच्या तासाला दप्तरातच राहतं.

‘उच्चार’ हा शब्दच बघा. उत् अधिक चार. ‘त्’ पुढच्या ‘च’सारखा झाला. ‘उल्लेख’ म्हणजे उत् अधिक लेख. ‘त्’ पुढच्या ‘ल’सारखा झाला. आता इंग्रजीत ‘इन’ हा नकाराचा उपसर्ग ‘लीगल’ला लावा. ‘इनलीगल’ नाही, ‘इल्लीगल’, स्पेलिंगमध्ये दोन एल. ‘रेग्युलर’ला लावला की ‘इररेग्युलर’, दोन आर. ‘पॉसिबल’ला लावला की ‘इम्पॉसिबल’, कारण प हा ओठांनी म्हणायचा आणि म सुद्धा ओठांचाच. ‘संपत्ती’तल्या अनुस्वाराचा आपण म करतो आणि ‘संत’मधल्या अनुस्वाराचा न करतो, त्यामागचं कारण हेच. व्यंजनसंधी ज्याला कळली त्याला इल्लीगलमध्ये दोन एल का, हे पाठ करावं लागत नाही.

पुढे जाऊ. मराठीत व्यंजनापूर्वी ‘अ’ लागतो आणि स्वरापूर्वी ‘अन्’: अशक्य, पण अनादर. ग्रीकमधून आलेल्या इंग्रजी शब्दांत हाच नियम जसाच्या तसा आहे. ‘टिपिकल’चं एटिपिकल, पण स्वराने सुरू होणाऱ्या मुळाला ‘अन’ लागून ‘अनॉनिमस’. आता तो फोडा: अन्, मग ऑनिम म्हणजे नाव, मग विशेषणाचा प्रत्यय. अ, नाम, इक. अनामिक! तुकड्याला तुकडा जुळला. ग्रीक ओनोमा आणि संस्कृत नाम हे सख्खे नातेवाईक आहेत.

‘इनक्रेडिबल’ तसाच: इन, क्रेड, इबल. अ, विश्वास, नीय. यातला क्रेड आणि ‘श्रद्धा’तला श्रद् एकाच मुळाचे. डेंटलमधला डेंट म्हणजे दंत, पेडलमधला पेड म्हणजे पद, ऑक्टोपसमधला ऑक्टो म्हणजे अष्ट, पेंटागॉनमधला पेंटा म्हणजे पंच. कॉग्निशनमधला ग्न आणि ज्ञानातला ज्ञ यांचंही मूळ एकच. वर्गात मी फळ्यावर अशा जोड्या लिहिते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

स्पेलिंग लक्षात राहायला याची मदत कशी होते?

चुका बहुतेक वेळा सांध्यावर होतात. सांधा दिसला की चूक होत नाही.

‘डिसअपिअर’मध्ये एस एक, पी दोन, कारण शब्द डिस अधिक अपिअर. ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये सांध्यावर एस दोन, कारण डिसचा एक आणि सॅटिस्फाइडचा एक. ‘मिसस्पेल’मध्येही तसंच. ‘रेकमेंड’ म्हणजे रि अधिक कमेंड, म्हणून सी एकच आणि एम दोन. ‘अकोमोडेशन’मध्ये सी दोन आणि एम दोन, कारण लॅटिन अॅड पुढच्या सी मुळे ‘अक’ झाला, मग कॉम, मग मोड. संधीच आहे ती. ‘गव्हर्नमेंट’ बोलताना एन गळतो, पण मूळ गव्हर्न आहे, म्हणून तो लिहायचा. ‘डेफिनेटली’त फायनाइट दडलेला आहे, फिनिश आणि फायनलच्या घरातला, म्हणून मध्ये आय, ए नाही.

‘सेपरेट’ तर बँकेच्या अर्जापासून लग्नाच्या हॉलच्या पाटीपर्यंत चुकीचा दिसतो. मध्ये पी-ए-आर आहे, पी-ई-आर नाही. ‘प्रिपेअर’मध्ये जो ‘पार’ आहे, तोच इथे आहे.

फोडून वाचतो, तरी उच्चार वेगळाच निघतो. असं का?

कारण आपण सगळे तुकडे सारख्याच वजनाने म्हणतो. मराठीत ते शोभतं. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर येतो आणि बाकीच्यांचे स्वर दबून पुसट ‘अ’ होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर जिथे जातो तिथला स्वर उघडतो आणि मागचा मिटतो.

जोर कुठे द्यायचा ते बऱ्याचदा शेवटचा प्रत्यय सांगतो. शन, इक आणि इटी यांच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर येतो: इन्फर-मे-शन, सायं-टि-फिक, रिस्पॉन्सि-बि-लिटी. पॉलिटिक्ससारखे थोडे अपवाद आहेत.

काही शब्दांत तर दबलेला तुकडा गळूनच पडतो. ‘कम्फर्टेबल’ बोलताना कम्फ-ट-बल होतो, ‘व्हेजिटेबल’ व्हेज-ट-बल, ‘चॉकलेट’ चॉक-लट. लिहिताना मात्र सगळे तुकडे मनात मोठ्याने म्हणा. मी स्वतः ‘वेन्सडे’ लिहिताना अजूनही मनात वेड-नेस-डे म्हणते.

भाग ओळखले की अर्थ हमखास कळतो?

नाही. इथे सावध राहा.

‘अंकल’मधला अन नकाराचा नाही, ‘मिस्टर’मधला मिस चुकीचा नाही आणि ‘रेडी’मधला रि पुन्हाचा नाही. उपसर्ग काढल्यावर उरलेला तुकडा अर्थाने उभा राहतो का, ते बघा.

पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. यातला ‘इन’ नकाराचा समजून कुणी ‘न पेटणारं’ असा अर्थ लावला तर जिवाशी खेळ! शब्द ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटणं यापासून आला आहे. म्हणून मराठीत शेजारी ‘अत्यंत ज्वालाग्राही’ असतं.

‘ऑर्थोपेडिक’मधला पेड पायाचा वाटतो, हाडांचा डॉक्टर म्हणून ते पटतंही. पण तो मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी १७४१ साली मुलांच्या शरीराचा बाक सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं. ‘पेडिअॅट्रिक’मध्येही तेच मूल आहे.

आणि एकच स्पेलिंग दोन जागी तुटू शकतं. ‘युनिअन-आइज्ड’ म्हणजे संघटना असलेले कामगार. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तीच अक्षरं अन-आयनाइज्ड अशी तोडायची, म्हणजे आयन न झालेलं.

रक्ताच्या रिपोर्टमधले, डॉक्टरांच्या चिठ्ठीतले शब्द असे कळतील?

हो, आणि फोड करायचा सराव इथे सगळ्यात लवकर फळतो. शेवटी आयटिस म्हणजे दाह, एक्टोमी म्हणजे कापून काढणं. ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’: गॅस्ट्रो जठर, एंटर आतडं, आयटिस दाह. हा एंटर आणि आपलं आंत्र, म्हणजेच आतडं, पुन्हा नातलग. ऑस्टिओ म्हणजे अस्थी, कार्डिओ म्हणजे हृदय, तेही घरचेच.

हायपर आणि हायपो यांत मात्र चूक करू नका. हायपर म्हणजे वर, आपलं उपरि. हायपो म्हणजे खाली, आपलं उप. हायपरथायरॉइडिझम आणि हायपोथायरॉइडिझम हे एकमेकांच्या उलट आजार आहेत आणि फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. औषध मात्र शब्द फोडून ठरत नाही, ते डॉक्टरांनाच विचारा.

सगळ्यात लांब शब्द कोणता?

इंग्रजी शब्दकोशांत सापडणारा पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द मुलांना फार आवडतो: न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्केनो-कोनि-ओसिस. फुप्फुस, अति, सूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आजार. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या शब्दकोडेप्रेमींच्या संस्थेच्या अध्यक्षांनी तो मुद्दाम लांबलचक बनवला. डॉक्टर साधं सिलिकोसिस म्हणतात. खडी फोडणाऱ्या मशीनवर वर्षानुवर्षं धूळ छातीत घेणाऱ्या कामगारांना तो होतो. मुलांना शब्द शिकवताना मी हेही सांगते.

ओळ संपली आणि शब्द मावत नसेल तर कुठे तोडू?

परीक्षेत तोडूच नका, पुढच्या ओळीवर न्या. तोडायचाच असेल तर सिलॅबल संपेल तिथे तोडा, आडवी रेघ वरच्या ओळीच्या शेवटी द्या, आणि एकच अक्षर एकटं सोडू नका. एका सिलॅबलचा शब्द कधीच तुटत नाही.

छापण्याच्या पद्धतीही दोन आहेत. अमेरिकन लोक उच्चार पाहून डेमॉक-रसी, नॉल-एज असं तोडतात. ब्रिटिश परंपरा शब्दाची घडण पाहते, म्हणून डेमो-क्रसी, नो-लेज. दोन्ही बरोबर.

संगणकाने ही तोड करावी म्हणून फ्रँकलिन लिआंग यांनी १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आपला प्रबंध लिहिला. सुमारे साडेचार हजार छोटे नमुने वापरून त्यांची पद्धत शब्दकोशातल्या ८९ टक्के जागा अचूक शोधते. ‘प्रेझेंट’, ‘प्रोजेक्ट’ असे मोजके शब्द तिथे अपवाद म्हणून वेगळे ठेवावे लागले, कारण नाम असताना ते एका जागी तुटतात आणि क्रियापद असताना दुसऱ्या.

रोज किती शब्द करावेत?

तीन. त्यापेक्षा जास्त नकोत. पाठ्यपुस्तकातलेच घ्या. पहिल्या दिवशी हनुवटीला हात लावून मोजायचं, दुसऱ्या दिवशी रेघा मारायच्या, तिसऱ्या दिवशी त्याच मुळाचे भाऊबंद शोधायचे. तिसरी-चौथीपर्यंत फक्त कानाची फोड पुरे. उपसर्ग-प्रत्यय पाचवीनंतर.

एवढं करूनही मूल अडखळतच असेल तर?

आधी बघा, मराठी वाचतानाही ते असंच अडखळतं का. फक्त इंग्रजीत अडत असेल तर सराव वाढवा, पट्टी वापरा, मोठ्याने वाचून घ्या. पण जोडाक्षरांवरही अडत असेल, ओळी सुटत असतील, काल वाचलेला शब्द आज परका वाटत असेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. डिस्लेक्सिया असलेलं मूल आळशी नसतं. तुकड्या-तुकड्यांनी, बोटाने अक्षर गिरवत, आवाज काढत शिकवण्याची पद्धत मुळात अशाच मुलांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांनी उभी केली. चाचणी होईपर्यंतही घरी पट्टी चालू ठेवा: एक तुकडा उघडा, बाकीचे झाकलेले, आणि पट्टी मुलाच्या हातात.